पाव्हणा जेवला का?

आमच्या कुत्र्याच्या लसीच्या कार्डावर एक इंग्रजी नाव आहे. ते मुलीनं ठेवलं आणि मग ती शिकायला पुण्याला निघून गेली. नाव कार्डावर राहिलं, कुत्रा आमच्याकडं. तो आला त्या दिवशी आईनं दारातच विचारलं होतं, "हे पाव्हणं किती दिवस हाय?" मुलगी म्हणाली, "कायमचा." आई म्हणाली, "मंग पाव्हणा कसला." पण तिनं त्याला पाव्हणाच म्हणायला सुरुवात केली, आणि दहा वर्षं तो त्याच नावानं हाकेला येतो. इंग्रजी नावानं हाक मारली तर तो मागं वळून बघतो, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

पाव्हणा आईचा आहे हे घरात कुणी ठरवलं नाही. फिरायला मी नेतो, आंघोळ मी घालतो, गोचिडी मी काढतो. तो माझ्याकडं एखाद्या चांगल्या ड्रायव्हरकडं बघावं तसं बघतो. बसतो मात्र आईच्या पायाशी.

या वर्षी वैजापूरला आईच्या धाकट्या भावाच्या नातीचं लग्न निघालं. आईनं आधी साफ नाही म्हटलं. गुडघे दुखतात, ऊन आहे, गर्दी आहे, अशी एकेक कारणं सांगून झाली. शेवटी खरं कारण आलं.

"पाव्हण्याला कुठं ठेवता?"

आता मी असा माणूस आहे की कुणी अडचण सांगितली की मला राहवत नाही. अडचण सोडवायचीच, आणि तीही त्याच मिनिटाला. मी फोन काढला आणि पाच मिनिटांत सांगितलं, "पडेगावला एक जागा आहे. कुत्र्यामांजरांना ठेवून घेतात. मोकळं रान, झाडं, जाळीच्या खोल्या. वैजापूरच्या रस्त्यावरच आहे, जाता जाता सोडू, येता येता घेऊ."

"तिथं कोण हाय त्याच्या ओळखीचं?"

"आई, तो कुत्रा आहे. वास घेईल, ओळख होईल."

 आई म्हणाली, "जबाबदारी तुझी."

मी म्हटलं, "माझी."

त्या एका शब्दापायी पुढं इतकी धावपळ होईल असं मला वाटलं नव्हतं. खरं तर ती त्याच संध्याकाळी सुरू झाली. पडेगावच्या जागेहून मेसेज आला: लसीचं कार्ड हवं, रेबीजची लस चालू हवी, खोकल्याची लस हवी, जंताचं औषध दिलेलं हवं. कार्ड दोन दिवस सापडेना. शेवटी ते घरपट्टीच्या फाइलमध्ये मिळालं, आणि त्यात दिसलं की लसीची तारीख उलटून दोन महिने झालेत. सोसायटीतल्या लोकांना लसीच्या तारखा पाळा म्हणून ग्रुपवर मेसेज टाकणारा माणूस मीच. मी तो मेसेज शोधून आधी डिलीट केला आणि मग डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि कमी बोलतात. पाव्हणा वजनकाट्यावर उभा राहीना. एक पाय ठेवायचा, तीन बाहेर. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्याला उचलून उभे राहा. मग तुमचं एकट्याचं करू आणि वजा करू." त्याप्रमाणे झालं. त्यांनी माझं एकट्याचं वजन मोठ्यानं वाचलं, कारण लिहून घेणारा मदतनीस दुसऱ्या खोलीत होता. बाकावर मांजर घेऊन बसलेल्या एका बाईंनी मांजरीवरून नजर काढून माझ्यावर ठेवली. पाव्हण्याचं वजन अगदी व्यवस्थित निघालं.

खोकल्याची लस नाकात टाकतात. टाकल्याबरोबर तो माझ्या चष्म्यावर शिंकला. मग रक्त तपासायला घेतलं, वय झालंय म्हणून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावून सांगितलं, "मूत्रपिंडाचा आकडा थोडा वर आहे. घाबरायचं नाही. ही गोळी रोज, जेवणासोबत. पण एक लक्षात ठेवा, त्याला उपाशी राहू देऊ नका. पाणी कमी पडू देऊ नका. एखादं जेवण चुकलं तर चालेल. दोन दिवस खाल्लं नाही तर मला चालणार नाही."

"तो सगळं खातो," मी म्हटलं. "त्याची काळजीच नाही."

हे मी आईला सांगितलं नाही. म्हणजे गोळी सांगितली, आकडा नाही सांगितला. लस घेऊन पंधरा दिवस गेले पाहिजेत, मगच आत घेतात, एवढं मात्र लग्नाच्या तारखेत बरोबर बसलं. माझ्या आयुष्यात काही गोष्टी अशा नुसत्या नशिबानं जमतात आणि मी त्या नियोजन म्हणून सांगतो.

इथं आमच्या घरच्या जेवणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं जेवणाचं टेबल आहे. मला बढती मिळाली तेव्हा मी ते घेतलं, आणि टेबलाबरोबर घरात थोडी सुधारणाही आणली. चहा बशीत ओतून प्यायचा नाही, ताटात हात धुवायचा नाही, बेसिन कशाला बसवलंय, जेवताना दारातल्या माणसाशी आतून ओरडून बोलायचं नाही, वगैरे. तेव्हा आमचे साहेब लोक घरी यायचे. बायकोनं ऐकलं, मुलीनं ऐकलं. आईनं काही वाद घातला नाही. ती टेबलावर बसायचंच सोडून स्वयंपाकघरात जमिनीवर जेवायला लागली. "टेबलावर घास उतरत नाय मला," म्हणाली. आधीपासूनच ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आता शेवटी आणि आत. आम्ही उठून बाहेर टीव्हीसमोर बसलो की ती पाट ओढायची, आणि पाव्हणा उठून तिच्यासमोर जाऊन बसायचा. त्याचं भांडं शेजारी वाढलेलं असायचं. पुढचं आम्ही कधी बघितलं नाही. आम्हाला नंतर त्याचं रिकामं भांडं दिसायचं.

गुरुवारी सकाळी निघालो. दौलताबादच्या रस्त्याला पडेगावच्या पुढं आत वळलं की ती जागा. शेतच होतं. घरच्या सुनेनं शेताच्या एका कडेला जाळ्या मारून हे काम सुरू केलेलं. पायात चपला, हातात वही, आणि मागं तीन कुत्री, जणू ती त्यांना ऑफिसला घेऊन निघाली होती.

आई गाडीतून उतरली नाही. "मी नाय येत. त्याच्या तोंडाकडं बघवत नाय," म्हणाली. मी पट्टा हातात घेतला तेव्हा तिनं काच खाली केली. "तो सगळ्यांच्या शेवटी जेवतो, ते सांग त्यांना."

"सांगतो."

"विसरशील."

"आई, सांगतो."

आत बाईनं फॉर्म पुढं केला. नाव, वय, लस, औषध, चावतो का, फटाक्यांना घाबरतो का. त्याखाली 'खाण्याच्या सवयी' म्हणून एक लांब ओळ होती. मी पेन टेकवलं. 'सगळ्यांच्या शेवटी जेवतो' असं लिहायचं माझ्या जिवावर आलं. वीस कुत्र्यांच्या जागी सगळ्यांच्या शेवटी म्हणजे काय, असं ती विचारेल. शिवाय मला वाटलं, ही आईची माया आहे, माहिती नाही. मी लिहिलं, 'सर्व काही खातो. काही अडचण नाही.' आणि खाली जरा ऐटीत सही केली.

पाव्हण्यानं मागं वळून बघितलं नाही. एका काळ्या मांजरीच्या पिंजऱ्यापुढं जाऊन वास घेत बसला. मी गाडीत येऊन आईला सांगितलं, "रमला पण."

"सांगितलंस?"

"हो."

हे पहिलं खोटं. पुढची त्याला बघून आली.

गुरुवारी संध्याकाळी वैजापूरला मामाच्या घरासमोर मांडव पडला होता, हळदीची तयारी चालली होती. मी माणसांच्या मधे बसून फोनकडं बघत होतो. ती बाई रोज सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ पाठवते. आला. पाव्हणा जाळीपाशी बसलेला, समोर भातदाळ अंडं कालवलेलं भरलेलं भांडं. तो भांड्याकडं बघतो, कॅमेऱ्याकडं बघतो, परत भांड्याकडं. पंधरा सेकंद एवढंच. खाली लिहिलं होतं, 'पहिला दिवस आहे सर. होतं असं.'

आई पलीकडून म्हणाली, "पाव्हणा जेवला का?"

"जेवला."

"दाखव."

"नेट नाही गं इथं."

माझ्या शेजारीच मामाचा नातू फोनवर क्रिकेट बघत होता.

शुक्रवारी सकाळी व्हिडिओ आला, तसाच. नुसतं भांडं बदललेलं होतं. मी फोन केला.

"पाणी पितो सर," बाई म्हणाली. "पाणी लई पितो. खात तेवढं नाय. भाकरी दिली, दूध दिलं, चिकनचं पाणी घातलं. तो बसतो आन् बघतो."

"काय बघतो?"

"माझ्याकडं बघतो. जसं काय माझंच काय तरी राह्यलंय."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्यातच सगळं होतं. पण मी तेव्हा गोळीचा विचार करत होतो.

"गोळी?"

"घशात टाकली. पण पोट रिकामं हाय ना."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. हळद चालली होती. मला कुणी हळद लावली तेही मला आरशात बघितल्यावर कळलं. मी मांडवातून उठून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून मार्केट यार्डच्या कोपऱ्यापर्यंत जायचो. तिथं कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे असायचे. मी त्या रांगेच्या कडेनं चालत जायचो आणि परत यायचो. तिसऱ्या फेरीला एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काका, भाव काढायचा का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मंग बसा की सावलीत. तुमच्यानं भाव वाढत नाय."

माझी बायको हे सगळं बघत होती. संध्याकाळी तिनं मला पाण्याच्या टाकीमागं गाठलं. "अहो, काय झालंय ते सांगा."

मी सांगितलं. व्हिडिओ दाखवले. फॉर्मवर काय लिहिलं तेही सांगितलं, कारण बायकोपासून लपवलेलं तिला आधीच माहीत असतं.

"आणि आईंना?"

"जेवला म्हणून सांगितलंय."

"किती वेळा?"

"तीन."

"चौथ्यांदा विचारल्यावर तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते."

मग मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उलट्या आहेत का, सुस्त आहे का, हिरड्या कशा आहेत, पाणी किती. मग म्हणाल्या, "घर सुटल्यामुळं असेल. पण त्याचं वय आणि तो आकडा बघता मी फार थांबणार नाही. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. सलाईन लावू." आणि विचारलं, "घरी तो कुणाच्या हातून खातो?"

"हातून नाही. भांड्यातून. आई जेवली की जेवतो."

"मग कुणी तरी त्याच्यासमोर बसून जेवून बघा."

हे मला फारच पटलं. आईनं हेच सांगितलं होतं, तेव्हा पटलं नव्हतं. मी बाईला फोन करून सांगितलं. तिनं शनिवारी सकाळी पाव्हण्यासमोर बसून चहा-बिस्किट खाल्लं. तो बघत राहिला. ती म्हणाली, "सर, चहाचं काय खरं नाय. जेवण पाहिजे. पण माझं जेवण रानात व्हतं, सगळ्यांबरोबर. तुम्हीच या."

शनिवारी दुपारी लग्न. अक्षता पडल्या. मी हातातल्या टाकल्या आणि तसाच मागच्या मागं निघालो. बायकोनं जेवणाचा डबा भरून दिला. आईला ती काय सांगणार होती ते मी विचारलं नाही. चौथ्यांदा आईनं मला विचारलंच नव्हतं, मीच तिच्यासमोर येत नव्हतो.

दीड तासाचा रस्ता. डबा शेजारच्या सीटवर. सलाईन, गाडीच्या मागच्या सीटवर टाकायची चादर, रविवारी दवाखाना उघडा असेल का, आईला कुठल्या शब्दांत सांगायचं, हे सगळं मी मोठ्यानं बोलत होतो. एका सिग्नलला शेजारचा मोटारसायकलवाला माझ्याकडं बघून हसला तेव्हा मला कळलं की डोक्यावर फेटा तसाच आहे. काढायला जमेना. मामाच्या गावच्या माणसानं बांधला होता, आणि त्याचं टोक मला कधीच सापडलं नाही.

फेट्यासकट मी जाळीपाशी पोचलो आणि वीस कुत्री एकदम भुंकली. पाव्हणाही भुंकला. मी आवाज दिल्यावर शेपूट हलवली, पण संशय पूर्ण गेला नव्हता. दोन दिवसांत काही कुणाच्या बरगड्या दिसायला लागत नाहीत, मला मात्र त्याच्या दिसल्या.

बाईनं झाडाखाली एक सतरंजी टाकली. पाव्हण्याचं भांडं आणलं. मला म्हणाली, "डब्यात नका जेवू. डबा त्याला कळायचा नाय." आणि घरातून स्टीलचं ताट आणून दिलं. मी मांडी घालून बसलो. मांडी घालून बसायची सवय त्या टेबलानं घालवलेली, त्यामुळं बसताना दोन वेळा हात टेकावे लागले. पाव्हणा समोर येऊन बसला. बरोबर समोर, दोन हात अंतरावर. हे अंतर त्यानं मोजून घेतल्यासारखं घेतलं.

मी जेवलो. लग्नातली वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, भात.  तो माझ्या हाताकडं बघत होता. ताटाकडून तोंडाकडं, तोंडाकडून ताटाकडं. मी शेवटचा घास घेतला तेव्हा त्यानं जागेवर थोडं पुढं सरकून घेतलं. मला वाटलं, जमलं.

मी उठलो. नळावर जाऊन हात धुतले, रुमालाला पुसले, परत आलो. तो तसाच बसलेला. भांड्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"खा ना रे," मी म्हटलं. "झालं माझं."

तो खाईना.

बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुमचंबी काय तरी राह्यलंय," म्हणाली.

मी फोन काढला. आईला लावला. मागं बँड, बायकांचे आवाज, कुणाला तरी हाका मारणं. आई म्हणाली, "बोल. तुझ्या बायकोनं सांगितलं मला सगळं."

मी कबुलीची जी वाक्यं रस्ताभर पाठ केली होती त्यातलं एकही लागलं नाही.

"आई, तो खात नाही. मी त्याच्यासमोर बसून पूर्ण जेवलो. तरी खात नाही."

"खाली बसून जेवलास?"

"हो."

"ताटात?"

"ताटात."

मागचा बँडचा आवाज लांब गेला. मला वाटलं फोन कटला. मग तिचा आवाज आला, पण जरा बाजूला जाऊन बोलल्यासारखा, हळू.

"हात कुठं धुतलास?"

"नळावर. का?"

 मागं कुणी तरी तिला बोलावत होतं. तिनं "आले" म्हटलं आणि मला म्हणाली, "तू नको म्हणाला व्हतास. मंग मी तुमी सगळे बाहेर गेल्यावर धुते. ताटातच. मला नाय जमत त्या बेसिनपाशी जायला, गुडघ्यानं. आन् जेवल्यावर लगेच उठायचं म्हंजी मला जेवल्यासारखंच वाटत नाय." मग म्हणाली, "तो लहान असल्यापास्नं तेच बघतोय. मी पाणी घेतलं ताटात की माझं झालं. मंग तो उठतो. तोवर त्याला मी कधी खाऊ दिलं नाय. तोंड घातलं की चापट द्यायचे."

मी ताटाकडं बघत होतो. बाईच्या घरचं ताट होतं, कडेला कुणाचं तरी नाव कोरलेलं, लग्नात आलेलं असणार.

"ऐकू आलं का?" आई म्हणाली.

"आलं."

"जा मंग. धू. पाणी भरपूर घे, आवाज यायला पाह्यजे."

मी फोन खिशात टाकला आणि बाईला म्हटलं, "तांब्या मिळेल का पाण्याचा?"

तिनं आणून दिला. मी परत खाली बसलो. दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या ताटात. माझ्या सगळ्या सुधारणा एका रांगेत उभ्या राहून बघत होत्या. मी बाईकडं बघितलं. "ताटात धुतला तर चालेल ना?"

"धुवा की. आमच्यात सगळेच धुतात," ती म्हणाली. "मी आपलं तुम्ही शहरातले म्हणून नळ दाखवला."

मी हात ताटावर धरला आणि वरून पाणी सोडलं. स्टीलवर पाण्याची धार पडली. बोटं चोळली. बुंदीचे दोन दाणे तरंगून कडेला आले.

पाव्हणा उठला. घाई नव्हती. अंग ताणलं, भांड्यापाशी गेला आणि खायला लागला. मी तिथंच ओला हात ताटावर तसाच धरून बसलो. हात पुसायला रुमाल काढावा एवढीही हालचाल करायची मला भीती वाटत होती. त्यानं तळ चाटून भांडं सरकवत सरकवत माझ्या गुडघ्याला आणून लावलं. मग माझ्या ताटातलं पाणी प्यायला आला, तेव्हा बाई म्हणाली, "ते नका पिऊ देऊ, मिठाचं असंल." ती वहीत काही तरी लिहीत होती.

डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "छान. रात्रीही खाल्लं तर सलाईन नको. पुढच्या महिन्यात रक्त परत बघू." कशानं खाल्लं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वजनाच्या वेळी त्यांना माझी पुरेशी माहिती मिळालेली होती.

वैजापूरला परत पोचलो तेव्हा मांडवात पंगतीचा शेवट चालला होता. आई खुर्चीत बसलेली. मी शेजारी बसलो.  फेट्याचं टोक शोधत राहिलो. थोड्या वेळानं फोन वाजला. व्हिडिओ. झाडाखालच्या त्याच सतरंजीवर ती बाई बसलेली, समोर तिची भाकरी-भाजी, दोन हातांवर पाव्हणा. कॅमेरा कुणी तरी दुसऱ्यानं धरलेला, हलत होता. तिनं शेवटचा तुकडा खाल्ला, ताटात हात धुतला, आणि पाव्हणा उठून आपल्या भांड्याकडं गेला.

या वेळी आई दाखव म्हणायच्या आधी मी फोन तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरून बघितला. परत लाव म्हणाली. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर फोन परत देत म्हणाली, "पाणी लई कमी घेतलं तिनं. सांग तिला."

मी मेसेज टाकला. बाईनं लगेच अंगठा पाठवला.

"आन् जेवला, जेवला म्हणालास ते," आई म्हणाली, "तेव्हा मी काय म्हणत व्हते?"

"काय?"

"मी गप बसले व्हते. तो जेवला असता तर तू मार्केट यार्डात कशाला फिरला असतास?"

रविवारी परतताना पडेगावला थांबलो. या वेळी आई गाडीतून उतरली. पाव्हण्यानं तिला दुरून बघितलं आणि असा आला की बाईच्या हातातली वही खाली पडली.  आई नुसती त्याच्या पाठीवर, बरगड्यांवर हात फिरवत राहिली, जणू काही मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं.

बाईनं वही उचलली आणि आतून माझा फॉर्म काढला. "सर, पुढच्या वेळंसाठी हे नीट करून घ्या. मी नसले तर दुसऱ्यांना कळायला पाह्यजे."

'सर्व काही खातो. काही अडचण नाही.' मी ते खोडलं. ओळ भरलेली होती, त्यामुळं समासात लिहावं लागणार होतं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"मी सांगते, तू लिही," आई म्हणाली. ती झाडाखाली सतरंजीवर बसली, पाव्हणा तिच्या पायाशी. "आधी आपण जेवायचं. खाली बसून. त्याच्यासमोर."

मी लिहिलं.

"मंग ताटात हात धुवायचा. पाणी भरपूर घ्यायचं."

मी लिहिलं. माझं अक्षर समासात मावत नव्हतं, ते वळून वरच्या कडेनं जायला लागलं.

"झालं?"

"झालं."

"आता सही कर," आई म्हणाली.

"खाली आहे ना आधीची."

"ती त्या वरच्याला व्हती. याला कर."

मी सही केली. या वेळी ऐटीत आली नाही, पण पूर्ण केली. बाईनं फॉर्म वाचला, मान हलवली आणि वहीत ठेवला. गाडीत बसताना आईनं तिला खिडकीतून विचारलं, "तुमच्या घरात नळ किती लांब हाय गं?"

"लांबच हाय आजी. बाहेर."

"बरंय," आई म्हणाली आणि काच वर केली.